उंद्रीच्या सतरा चिठ्ठ्या

१

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं जातं, त्यावर स्टीलचं ताट येतं, ताटात पाणी आणि पाण्यात टीपकागद. नवख्याला वाटतं घरात कोणाला ताप आलाय, कपाळावर घड्या ठेवायच्या आहेत. ताप कसला! आमचे हे जुन्या पुस्तकांतल्या चिठ्ठ्या काढत असतात.

चिठ्ठी हा माझा शब्द. ते ग्रंथचिन्ह म्हणतात. मी चिठ्ठी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून मी मुद्दाम म्हणते. पूर्वी शौकीन लोक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून आपल्या नावाचा एक छोटा छापील कागद डकवायचे. त्यावर चित्र असायचं, खाली मालकाचं नाव. घरी पाहुणा आला आणि त्यानं चुकून विचारलं की झालं, यांची गाडी सुटते. जर्मनीत पाचशे वर्षांपूर्वी कुण्या पाद्र्याच्या चिठ्ठीवर तोंडात फूल धरलेला काटेरी प्राणी होता, इथून सुरुवात. मग साहेब लोकांची निशाणं, मग आपले संस्थानिक, मग वकील, मग आमच्या खामगावचे कापसाचे व्यापारी. तोवर पाहुण्याचा चहा थंड.

यांचं नाव पंजाबराव. छापखाना होता गावात, लग्नपत्रिकांचा. ऑफसेट आलं आणि तो बंद झाला, पण एक लहान हातयंत्र त्यांनी घरी आणून ठेवलं. त्यावर ते लोकांना अशा चिठ्ठ्या करून देतात. डॉक्टरांना दिली, बँकेच्या साहेबांना दिली, समोरच्या वकिलाच्या मुलीला बारावी झाली म्हणून दिली. मला नाही दिली. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, माझी स्वतःची दोन कपाटं पुस्तकं आहेत, आणि त्या प्रत्येकावर 'संजीवनी' हे नाव मी बॉलपेननं घातलंय. मागितली असती तर दिली असती म्हणा. पण मागून घ्यायची तर ती काय कामाची?

आता पद्धत. ओला टीपकागद चिठ्ठीवर ठेवायचा, अर्धा तास हात लावायचा नाही, मग बोथट सुरीनं एक कोपरा उचलायचा. घाई केली की फाटलीच. निघालेली चिठ्ठी वाळवून अल्बममध्ये कागदी कोपऱ्यांत बसवायची. पुस्तक परत रद्दीत. पुण्याचे एक संग्राहक यांना पत्रातून बजावत असतात, की चिठ्ठी पुस्तकातच राहू द्या, काढू नका. यावर यांचं उत्तर ठरलेलं. "पुस्तक दहा जागी भेटते. हे नाही भेटत."

२

उंद्रीची पुस्तकं मागच्या फेब्रुवारीत आली. तिथल्या एका बड्या शेतकरी घरात जुनं पाडून नवं बांधकाम चाललं होतं. नातू ऋत्विक पुण्याला नोकरीला, त्यानं फोन करून सांगितलं की पणजीची पुस्तकं आहेत, न्यायची तर न्या. हे रिक्षाटेम्पो घेऊन गेले आणि नव्या नवरीला आणावं तसे हसत घरी आले.

सतरा पुस्तकं होती. सतराही पुस्तकांत एकच चिठ्ठी, लाकडी ठशाची, काळ्या शाईची. तीन बोटं उंच. एक खोली, खिडकी, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत आपल्याकडं पाठ करून बसलेली बाई. डोक्यावर पदर, हातात पुस्तक. खाली लिहिलेलं : 'मालकी अन्नपूर्णाबाई भगवंतराव, उंद्री, १९३८'.

"संजीवनी, इकडं ये वं. हा हात पाह्य. एका रेषेत काढला, एका! हात उचलला नसंन कारागिरानं."

मी भिंगातून पाहिलं. हात खरंच सुरेख होता, बारीक, मनगटाशी किंचित वळलेला. माझे हात खडूनं खाल्लेले आहेत.

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरा? अवं, असा हात मी जन्मात नाही पाह्यला."

आता काय बोलायचं यावर! मी एकोणसाठ वर्षांची बाई, निवृत्त, गुडघे दुखणारी, आणि माझ्या पोटात तीन बोटं उंचीच्या एका लाकडी बाईमुळं आग पडली. कोणाला सांगण्यासारखंही नाही. त्यांनी त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी मिळून सतराही चिठ्ठ्या उकलल्या. एकही फाटली नाही. अल्बमचं आख्खं एक पान तिला दिलं, आणि ते पान मग टेबलावर उघडंच राहू लागलं. रद्दीवाला आला तेव्हा मीच पुढं होऊन ती पुस्तकं त्याच्या तराजूत टाकली. यांनी एक मात्र मागं ठेवलं. म्हणाले, सहज चाळतो.

३

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हे पुस्तकं वाचत नाहीत. चाळीस वर्षांत मी त्यांना पेपर आणि पंचांग सोडून काही वाचताना पाहिलेलं नाही. पुस्तक त्यांच्या लेखी चिठ्ठीचं टरफल.

आणि आता हे वाचू लागले. दुपारची झोप सोडली, पुढच्या खोलीतली खुर्ची ओढून खिडकीशी नेली, आणि आमच्याकडं पाठ करून बसू लागले. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "एवढं पान होऊ दे." तीनतीनदा हाक मारावी लागायची. चौथ्यांदा मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले तर मान न वळवता म्हणाले, "आलो नं." पण उठले नाहीत. ताट झाकून ठेवलं मी. रागानं स्वतःही जेवले नाही.

त्याच आठवड्यात मला माझ्या भूमितीच्या पुस्तकात ती चिठ्ठी दिसली.

माझं सगळ्यात जुनं पुस्तक ते, बीएस्सीचं. पहिला पुठ्ठा उलटला, आणि जिथं माझं नाव होतं तिथं, नेमकं त्यावर, अन्नपूर्णाबाई पाठ करून बसलेली.

मी ते पुस्तक घेऊन तडक पुढच्या खोलीत गेले आणि त्यांच्या मांडीवर टाकलं. "हे काय हो? माह्या पुस्तकाले तिची चिठ्ठी? लाज वाटते का थोडी?"

त्यांनी पुस्तक उचलून डोळ्यांजवळ नेलं. "मी काऊन लावू वं?"

"मंग कोणी लावली? मांजरीनं?"

"संजीवनी, तुही आण. मी नाही लावली."

मी अल्बम उघडला. सतरा असायला हव्या होत्या. सतरा होत्या. मी दोनदा मोजल्या, बोट ठेवून, पहिलीच्या पोरीसारख्या.

म्हणजे यांनी नवीन छापली, असा मी निष्कर्ष काढला. हातयंत्र घरात, शाई घरात, माणूस वेडा झालेला. दुसरं काय असणार? फक्त एक गोष्ट बसेना. चिठ्ठी अजून ओलसर होती आणि तिला खळीचा वास येत होता, मैद्याच्या शिजवलेल्या खळीचा, आणि कडेला मोरचुदाची निळसर झाक होती. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे, हे मला यांनीच सांगितलेलं. आमच्या घरात ना खळ होती ना मोरचूद. हे तर चिकटवण्याच्या विरुद्धच, कागदी कोपरे वापरणारे.

बाजारातून आणली असेल, मी मनाशी म्हटलं. माणसाला करायचंच असलं की मोरचूदही मिळतो.

४

नंतर ती पोह्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून निघाली. मग माझ्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूनं. मग आरशाच्या पाठीवर. आमच्या लग्नाच्या अल्बमचा पुठ्ठा उलटला तर तिथंही, अगदी मधोमध, चारही कोपरे चोख बसलेले. इतकी नीट डकवलेली की शाळेतल्या हस्तकलेच्या बाईंनी दहापैकी दहा दिले असते.

प्रत्येक वेळी मी भांडले. आता आठवलं की जीभ हासडावी वाटते. काय नाही बोलले मी! म्हातारपणी चळ लागला म्हटलं, मेलेल्या बाईच्या नादी लागले म्हटलं, तिच्याच घरी जाऊन राहा म्हटलं. पूर्वी मी एक बोलले की हे दोन ऐकवायचे. आता नुसते खाली पाहायचे. एकदा फक्त म्हणाले, "मी नाही जात वं कुठी." इतक्या बारीक आवाजात, की मला कीव यायला हवी होती. मला आला संताप.

लग्नाच्या अल्बममधली चिठ्ठी मी स्वतः काढली. ओला टीपकागद, अर्धा तास, बोथट सुरी. निघाली. मी ती चुलीत, म्हणजे गॅसवर, धरून जाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच होती, आणि तिच्याखाली आमचा दोघांचा फोटो लागतो त्या पानावर ओल उतरलेली. यांच्या चेहऱ्यावर. माझा चेहरा कोरडा होता.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत होते. लाइट गेलेली, पंखे बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. पुढच्या खोलीतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. हे वाचतात तसे, सावकाश, बोट ओलं करून. एक पान. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. माझं निवडणं त्याच लयीत चालू होतं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मधल्या वेळातही एक पान उलटतंय. हलकं. भराभर वाचणाऱ्याचं.

मी ताट बाजूला ठेवून उंबऱ्यापर्यंत गेले. हे एकटेच. खिडकीशी, पाठ माझ्याकडं. हातात ते एकच पुस्तक, आणि त्यांचा अंगठा पानावर स्थिर.

पान उलटल्याचा आवाज आला.

वारा असेल. वारा नव्हता. मग कान असतील माझे. या वयात कान वाजतात, डॉक्टर म्हणालेच होते. मी परत जाऊन डाळ निवडली. पण खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला वाटलं, ती माझ्या घरात, माझ्या नवऱ्याजवळ बसून वाचतेय, आणि मला चोरून. तेव्हाच मी ठरवलं की हा माणूस मी सोडणार नाही.

५

दुसऱ्या दिवशी चिखलीची एसटी धरून मी उंद्रीला गेले. घराला नवी फरशी बसत होती, अर्धी चकचकीत, अर्धी माती. ऋत्विक सुट्टीवर आलेला, मिस्त्रीच्या मागं उभा होता. त्यानं मला पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या तानुबाईंकडं नेलं. अन्नपूर्णाबाईंची धाकटी सून, नव्वदीच्या घरात, पण नजर सुईत दोरा ओवणारी.

मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. आमच्या घरी काय चाललंय ते नाही, नुसतं एवढंच की पुस्तकांतून आम्ही त्या काढल्या.

"काढल्या?" तानुबाई म्हणाल्या. "काऊन बापा? पुस्तकं नेले तं नेले. चिठ्ठी काऊन काढा लागे?"

"माह्या मालकाले नाद आहे."

"आत्याबाई कोणाचं काही घेत नव्हत्या," त्या सासूबद्दल म्हणाल्या. "पण आपलं देतही नव्हत्या. जे त्याईचं त्याले चिठ्ठी. पाटाले, पेटीले, पानाच्या डब्याले. आम्ही सुना हसो."

"आणि भगवंतराव? त्याईचे मालक?"

"मामंजी आत्याबाईच्या खोलीतच राहत. पह्यले जेवाले बाहेर येत. मंग दोघाईचे ताटं आत जात." त्यांनी पदर सारखा केला. "मंग दोन ताटं जायची बंद झाली, एकच जाये."

"म्हणजे वारले?"

"नाही बा. वारले असते तं तेरवी केली असती नं आम्ही."

"मंग गेले कुठं?"

"जातीन कुठं?" तानुबाई माझ्याकडं असं पाहत होत्या जसं काही मी बेरीज चुकलेय. "घरातच होते."

आतून मिस्त्रीनं ग्राइंडर चालू केलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. ऋत्विक हसून म्हणाला, "काकू, आजीचं मनावर नका घेऊ, तिला आता आठवत नाही सगळं." मीही हसले. येताना एसटीत मी स्वतःला समजावलं, की म्हातारं माणूस, नव्वद वर्षं, बोलायचं म्हणून बोललं. उंद्री ते खामगाव मी तेवढंच एक वाक्य घोकत होते.

६

घरी आले ती चपला न काढता त्यांच्यापुढं उभी राहिले. "मले एक चिठ्ठी करून द्या."

त्यांनी पुस्तकातून मान वर केली. किती दिवसांनी!

"माह्या नावाची," मी म्हटलं. "साऱ्या गावाले दिली. मले काऊन नाही दिली? चाळीस वर्षं वाट पाह्यली मी."

आणि मी रडले. पोरीसारखी, नाक ओढत. ते उठले, माझा हात धरला, म्हणाले, "पागल. मले वाटे तुले हे सारं फालतू वाटते. तूच तं चिठ्ठी चिठ्ठी म्हणून हसत होती." चाळीस वर्षांचा संसार, आणि आम्ही दोघंही एवढ्याशा गोष्टीपाशी मुके. मला हसू आलं आणि अजूनच रडू आलं.

दोन दिवस ते खिडकीशी बसले नाहीत. ठशासाठी लिनोचा मऊ तुकडा कोरत होते, शाई घोटत होते, मला हाका मारून दाखवत होते. चित्र काय काढलं? फळा, त्यावर त्रिकोण, आणि फळ्यापुढं खडू धरलेली बाई. तोंड आपल्याकडं. खाली 'संजीवनी पंजाबराव, खामगाव'. शनिवारी सकाळी पहिला ठसा निघाला. ओल्या शाईचा तो कागद हातात घेऊन मी अशी नाचले की गुडघा विसरले. दोन दिवसांत घरात नवी चिठ्ठी कुठंच निघाली नव्हती. जिंकले मी, असं वाटलं. अगदी याच शब्दांत.

शनिवार, दुपारचे तीन. ते आंघोळ करून उघड्या अंगानं येऊन परत खिडकीशी बसले. माझ्या हातात माझी चिठ्ठी, मागच्या बाजूला गोंद लावलेली. मला लाडात यायची बुद्धी झाली. म्हटलं, आधी या माझ्या पुस्तकाला लावते, यांच्या पाठीवरच.

"हालू नका," मी म्हटलं आणि त्यांच्या मागं गेले.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध ती होती.

कागद पिवळा पडलेला, जुना, जणू वर्षानुवर्षं तिथंच असावा. कोपरे चोख. खोली, खिडकी, खुर्ची. खुर्चीत कोणी नव्हतं.

मी ओरडले नाही. कसं ते माहीत नाही, पण माझ्या हातांनी सगळं पद्धतशीर केलं. ताट, पाणी, टीपकागद. ओला कागद त्यांच्या पाठीवर ठेवला. ते शहारलेही नाहीत. मी घड्याळ पाहत अर्धा तास मागं बसून राहिले. ते वाचत होते. मग मी सुरी घेतली आणि एक कोपरा उचलला.

निघाला. सहज निघाला.

"हळू," ते म्हणाले. आवाज त्यांचाच, पण लांबून, आतल्या खोलीतून यावा तसा. "हळू, संजीवनी. मी बी संगंच येऊन राह्यलो."

कोपऱ्याखाली कातडी नव्हती. तिथं उजेड होता. दुपारचा, खिडकीतून पडावा तसा, आणि त्यात धुळीचे कण. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खळीचा वास इतका दाट की डोळे चुरचुरले. सुरी मी अजून एवढीशी पुढं नेली असती तर आत दिसलं असतं, सगळं दिसलं असतं. पण यांचा उजवा खांदा कागदासारखा वर वळायला लागला होता.

मी सुरी टाकली. तो कोपरा घाईघाईनं खाली बसवला आणि वर माझा तळहात ठेवून दाबला. तिची चिठ्ठी, माझ्या नवऱ्याच्या पाठीवर, माझ्याच हातानं. दुसरं काय करणार होते मी? खांदा हळूहळू सपाट झाला. ते श्वास घ्यायला लागले.

वाळेपर्यंत दाबून धरावं लागतं. मी धरून बसले. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. पाठ गार होती, आणि मग माझ्या तळहाताखाली तेवढ्याच जागी ऊब आली. पाच बोटं लागली मला. बारीक, मनगटाशी वळलेल्या हाताची, पलीकडून, माझ्या हाताला हात लावून, तितक्याच जोरानं दाबत असलेली.

मी हात काढला नाही. तिनंही नाही.